'इकडून येणं झालं' कोणत्या शब्दाखाली शोधावे? जुन्या कादंबऱ्यांच्या वाचकासाठी शिकागो विद्यापीठाचे ऑनलाइन मराठी कोश

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' वाचायला घेतली. ती बेंगळुरूला नोकरी करते, तिचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले आणि घरी मराठी बोलली जात असली तरी एवढी जाड मराठी कादंबरी तिने आजवर हातात धरली नव्हती. म्हणून दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघींनी व्हिडिओ कॉलवर वीसेक पाने एकत्र वाचायची असे ठरवले. माझी अटकळ अशी होती की लांबलचक वाक्ये तिला अडवतील आणि संवाद ती सहज ओलांडून जाईल, कारण संवाद म्हणजे शेवटी घरातले बोलणे. घडले ते उलटेच. ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितलेली असल्यामुळे तिचे निवेदनही बरेचसे बोलण्याच्या अंगाने जाते. तरी ते भाचीला कळत होते. 'अगं मावशी, ती एकटी सांगते तोवर ठीक असतं, ही माणसं एकमेकांशी बोलायला लागली की मी हरवते,' असे ती दुसऱ्याच रविवारी म्हणाली. त्यावर विचार करताना मला जाणवले की निवेदनातले शब्द पाठ्यपुस्तकांनी आणि वर्तमानपत्रांनी कसेबसे सांभाळून ठेवले आहेत, पण माजघरात, ओटीवर आणि विहिरीच्या काठावर बोललेले शब्द ती माणसे गेली तशी त्यांच्याबरोबर गेले.

माझ्याकडे कोशाचे खंड नाहीत, असते तरी बेंगळुरूला पाठवता आले नसते. त्यामुळे आम्ही शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या उपक्रमाकडे वळलो आणि गेले काही महिने तेथील मराठी कोश या एकाच कामासाठी, म्हणजे जुन्या कादंबऱ्यांतले रोजच्या बोलण्यातले शब्दप्रयोग उलगडण्यासाठी, सातत्याने वापरले. त्या वापराचा हा वृत्तांत आहे. तेथे मराठीचे पाच कोश आहेत. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती, वझे यांचा १९११चा शालेय कोश, दाते-कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत सिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश, मॅक्सीन बर्नसन यांचा १९८२-८३चा मूलभूत मराठी-इंग्रजी कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा १९९९चा प्राचीन मराठीचा कोश. पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही, जाहिराती नाहीत. शब्द देवनागरीत लिहून शोधता येतो, आणि केवळ मूळ नोंदींत शोधायचे की नोंदीखालच्या सगळ्या मजकुरात, हे आपल्याला ठरवता येते. ही दुसरी सोय सुरुवातीला बिनमहत्त्वाची वाटते. संवादांसाठी मात्र तीच सर्वांत उपयोगी ठरली, त्याचे कारण पुढे येईल.

पहिली परीक्षा अर्थातच कादंबरीच्या शीर्षकाची. 'पण लक्षात कोण घेतो' हे शीर्षक मुळात बोलण्यातलेच वाक्य आहे. कोणी तरी बरेच काही सांगून झाल्यावर, सांगण्याचा उपयोग नाही हे उमजून, सुस्काऱ्यासह म्हणावे तसे. ते 'पण'ने सुरू होते, म्हणजे त्याच्या आधी काही तरी बोलले गेले आहे आणि ते आपण ऐकलेले नाही. भाचीने त्याचा अर्थ 'कोणाच्या लक्षात आले आहे' असा प्रश्न म्हणून लावला होता. 'लक्ष' या नोंदीखाली कोशात ध्यान, नेम धरण्याची खूण आणि शंभर हजारांची संख्या असे निरनिराळे अर्थ सापडतात. लक्षात घेणे, लक्षात येणे, लक्षात ठेवणे यांतला फरक त्यांवरून लावता येतो आणि तेथपर्यंत कोश आपले काम चोख करतो. परंतु शीर्षकाचा सगळा भार 'कोण' या शब्दावर आहे. येथे 'कोण' प्रश्न विचारत नाही, 'कोणीही नाही' असे सांगतो. 'कोण विचारतो', 'कोण ऐकतो', 'कोण बघायला आलंय' ही सगळी याच घरातली वाक्ये आहेत, आणि गंमत अशी की जुन्या मराठीत 'कोण आनंद झाला' असे म्हटले की हाच 'कोण' नकाराऐवजी 'केवढा तरी' असा अर्थ देतो. हे भाचीला सांगावे लागले ते मीच. कोशाच्या नोंदीतून ते तिच्यापर्यंत पोहोचले नसते.

तरीही या पाचांतल्या कोणत्या कोशाने आम्हांला सर्वाधिक साथ दिली असे विचारले तर मी निःसंशय मोल्सवर्थचे नाव घेईन, आणि हे उत्तर मला स्वतःलाच अनपेक्षित होते. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने, कँडी बंधूंच्या साह्याने आणि मराठी पंडितांच्या मदतीने केलेला हा कोश प्रथम १८३१ मध्ये निघाला. दुसरी आवृत्ती साठ हजारांच्या आसपास शब्दांची झाली. तिचे साल १८५७, आणि बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरीही त्याच सालची. हरिभाऊंचा जन्म १८६४चा, तर ही कादंबरी 'करमणूक'मध्ये १८९०पासून क्रमशः येऊ लागली. या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. कादंबरीतली तरुण माणसे १८८०-९०चे मराठी बोलत असतील, पण त्यांच्या घरातल्या आज्या आणि सासवा बोलायला शिकल्या त्या मोल्सवर्थचे पंडित शब्द गोळा करत होते त्या दशकांत. म्हणून कादंबरीतली म्हातारी माणसे बोलू लागली की मोल्सवर्थ उघडावा, आणि शिकलेली तरुण माणसे बोलू लागली की दाते-कर्वे, असा आमचा अनुभवाने ठरलेला परिपाठ झाला. तो नेहमीच खरा ठरतो असे नाही, पण पुष्कळदा ठरतो.

मोल्सवर्थची खरी ताकद कळते ती छोट्या शब्दांत. संवाद उभा राहतो तो नामांवर आणि क्रियापदांवर नव्हे, तर 'हं', 'की', 'बरे', 'ना', 'हो', 'ग', 'म्हणे', 'बरीक' अशा चिमुकल्या अव्ययांवर, आणि विद्वान कोशकारांचा कल बहुधा यांना दोन ओळींत वाटेला लावण्याकडे असतो. यांतला 'बरीक' हा शब्द भाचीने कधीच ऐकलेला नव्हता. 'मला बरीक हे नाही आवडत' असे एखादी बाई म्हणते तेव्हा त्याचा ढोबळ अर्थ 'मात्र' असा होतो, आणि तो अर्थ कोशांत मिळतो. परंतु 'मात्र' आज लेखी आणि काहीसा कोरडा वाटतो, तर 'बरीक'मध्ये मान किंचित हलवून स्वतःचे मत इतरांपासून वेगळे काढण्याची लकब आहे. माझी आजी तो वापरत असे. माझी आई वापरत नाही. मी तर लिहितानाही त्याला बिचकते. एवढा चांगला शब्द तीन पिढ्यांत कसा नाहीसा झाला हे मला सांगता येणार नाही, पण कोशात तो शाबूत आहे हे पाहून बरे वाटले.

'म्हणे'चेही तसेच. 'तो उद्या येणार म्हणे' या वाक्यात 'म्हणे' हे क्रियापद राहिलेले नाही. बोलणारा केवळ एवढेच सुचवतो की ही बातमी माझी नव्हे, ऐकलेली आहे, खरीखोटी तुम्ही पाहा. कादंबरीतल्या बायकांच्या बैठकीत अर्ध्याहून अधिक चुगल्या या एका शब्दाच्या आडोशाने होतात. हा प्रयोग आजही जिवंत आहे, त्यामुळे भाचीला तो कळला. फक्त आपण रोज वापरतो त्या शब्दाला कोशात स्वतंत्र काम नेमून दिलेले असते याचे तिला आश्चर्य वाटले.

यानंतर मंगल-अमंगलाच्या बोलीचा विषय आला, आणि येथे मोल्सवर्थवर आम्ही दोघी खूष झालो. जुन्या घरात काही क्रिया त्यांच्या खऱ्या नावाने उच्चारायच्या नसत. बांगडी फुटली असे म्हणायचे नाही, ती 'वाढवली'. दुकान बंद केले नाही, 'वाढवले'. नारळ फोडायचा नाही, 'वाढवायचा', आणि हे शेवटचे तर आपण अजूनही म्हणतो. दिव्याच्या बाबतीतही तेच. तो विझवला असे म्हणणे अशुभ, म्हणून त्याला निरोप द्यायचा किंवा तो मोठा करायचा. ज्याला हा संकेत ठाऊक नाही त्याला संवादातले वाक्य शब्दशः उलटे कळते: दिवा मोठा केला म्हणजे वात वर केली असे तो समजतो आणि पुढच्या ओळीत अंधार का झाला याचा त्याला उलगडा होत नाही. 'वाढणे' आणि 'वाढविणे' या नोंदी मोल्सवर्थने ऐसपैस दिल्या आहेत आणि त्यांत हा आडवळणाचा, अपशकुन टाळणारा उपयोगही नोंदवलेला आहे. मुख्य म्हणजे वाढण्याचे सगळे अर्थ, रोपाचे वाढणे, पानात वाढणे आणि बांगडीचे वाढणे, एकाखाली एक वाचायला मिळतात. त्यावरून भरभराटीचा शब्द नाशाला का लावला असेल हे भाचीने स्वतःच ओळखले.

ध्वनींवरून झालेल्या क्रियाविशेषणांची त्याची हौसही सांगण्याजोगी आहे. 'पटकन'चेच भाऊबंद 'पटकर', 'पटदिनी', 'पटदिशी' असे एका ओळीत मांडून तो प्रत्येक आवाजाला स्वतंत्र नोंद देतो. खट, चट, फट, धप, सगळ्यांना. आज आपल्याकडे यांतला बहुतेक 'कन'च उरला आहे, 'दिशी' क्वचित ऐकू येते आणि 'दिनी' तर मी केवळ छापलेले पाहिले आहे. कादंबरीत सासू सुनेला 'चटदिशी ये' म्हणते तेव्हा त्या 'दिशी'त घाईपेक्षा दरारा अधिक असतो, असे माझे मत आहे. कोश तेवढे सांगत नाही.

आता ज्या प्रयोगावरून या लेखाला नाव दिले तो. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातल्या पत्नीने पतीचे नाव घ्यायचे नाही हे आपल्याला उखाण्यांमुळे माहीत असते, कारण उखाणा म्हणजे त्या बंदीला दिलेली सणावारापुरती सूट. परंतु नाव न घेण्यावर गोष्ट थांबत नव्हती. 'तुम्ही' म्हणणेही पुष्कळदा धीटपणाचे ठरे. मग बोलायचे कसे? भाषेने यावर जी तोड काढली ती या कादंबऱ्यांच्या पानोपानी आहे: 'इकडून येणं झालं', 'इकडे राग आला का', 'तिकडून सांगणं झालं', 'इकडची स्वारी'. नवरा समोर असेल तर 'इकडे', समोर नसेल तर 'तिकडे'. माणसाच्या जागी दिशा आली. 'स्वारी' हा शब्द मुळात घोड्यावरून किंवा पालखीतून निघणाऱ्या थोर माणसाचा, त्याच्या लवाजम्याचा. त्या लवाजम्याचा मान कचेरीतून दमून घरी परतणाऱ्या कारकुनालाही मिळाला. आज हाच शब्द आपण थट्टेत वापरतो, 'आज स्वारी खुशीत दिसते', आणि ती थट्टाही याच जुन्या आदराची उतराई आहे.

'इकडून' शोधताना दाते-कर्वे यांच्या कोशाने जी मदत केली ती मोल्सवर्थकडून होण्यासारखी नव्हती. याचे एक कारण काळाचे आहे. दाते-कर्वे मंडळी काम करत होती तोवर मराठी कादंबरी आणि नाटक यांचा भरपूर साठा तयार झाला होता आणि त्यांनी नोंदींत ग्रंथांतली वाक्ये उदाहरणादाखल दिली; त्यामुळे शब्द कोणाच्या तोंडी, कोणत्या बोलण्यात येतो हे दिसते. दुसरे म्हणजे त्यांच्या खुणा. शब्द बायकी बोलण्यातला असेल तर तसे नोंदवलेले असते. कोकणातला असेल तर 'कों.', गोव्यातला असेल तर 'गो.', राजापूरकडचा असेल तर 'राजा.', वऱ्हाडातला असेल तर 'व.' अशी संक्षिप्त खूण असते. कादंबरीतले पात्र कुठल्या मुलखाचे हे लेखकाने सांगितले नसले तरी त्याच्या तोंडच्या एखाद्या उद्गारावरून ते ताडून पाहण्याचा नाद आम्हांला या खुणांमुळे लागला. 'गो' आणि 'अगो' म्हणणारी बाई पुण्याच्या वाड्यात राहत असली तरी तिचे माहेर घाटाखाली असणार, असे तर्क आम्ही करत बसतो. यांतले किती बरोबर आणि किती चूक, देव जाणे.

आणि सगळ्या मजकुरात शोधण्याची सोय उपयोगी पडते ती येथे. संवादातले वाक्य क्वचितच त्याच्या पहिल्या शब्दाखाली सापडते. एखादा वाक्प्रयोग 'येणे'खाली न मिळता 'हात'खाली मिळतो, कारण जुन्या कोशांनी वाक्प्रचार बहुधा नामाखाली गोळा केलेले आहेत. हात, डोळा, तोंड, कान, नाक, पोट या अवयवांच्या नोंदी मोल्सवर्थमध्ये आणि दाते-कर्व्यांतही लांबच लांब आहेत. छापील खंडात ही शोधाशोध म्हणजे अर्ध्या दुपारचे काम. येथे ते दोन मिनिटांत होते. दाते आणि कर्वे यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश म्हणून वाक्प्रचारांचा वेगळा दोन भागांचा कोशही केला आहे, तो १९४०च्या दशकातला. जुने संवाद मनापासून वाचू इच्छिणाऱ्याने तो ग्रंथालयातून जरूर मिळवावा.

परंतु 'इकडून येणं झालं' या वाक्याचे रहस्य कोणत्याच कोशात पूर्ण उलगडत नाही, आणि या सेवेच्या मर्यादेबद्दल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. या वाक्यातला 'इकडून' कोशात सापडला तरी त्याचे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे 'येणं झालं'मध्ये आहे. सरळ वाक्य असते 'तुम्ही आलात'. त्यात कर्ता आहे, त्याला धरून चालणारे क्रियापद आहे. पत्नीने क्रियापदाचे नाम करून टाकले, 'येणं', आणि 'होणे' हे दुसरेच क्रियापद त्याला जोडले. आता वाक्यातला कर्ता 'येणं' हा झाला, येणारा माणूस बाजूला निघाला, आणि तो पुरुष की स्त्री, एक की अनेक, आदरार्थी की एकेरी, हा प्रश्नच उरला नाही. एवढ्या मोठ्या संकोचाला व्याकरणाने केलेली ही मदत आहे. अशी घडण शब्दकोशात नोंद म्हणून बसवता येत नाही, कारण ती कोणत्याही क्रियापदाला लागू पडते: जेवणं व्हायचंय, निजणं झालं, बोलणं झालं. ती शोधायची तर व्याकरणात. माझा भरवसा अशा वेळी मोरो केशव दामले यांच्या १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'वर असतो. ते वाचायला सोपे नाही, पण प्रयोगविचार एवढ्या सावकाश आणि उदाहरणांसह क्वचितच कोणी केला असेल.

हाच प्रकार 'केलंन', 'दिलंन', 'सांगितलंन' या रूपांचा. जुन्या पुणेरी आणि कोकणी वळणाच्या संवादांत 'त्यानं मला पत्र दिलंन' असे वाक्य येते. भाचीला ती छपाईची चूक वाटली आणि तिने दोन दिवस तसेच समजून वाचले. हा शेवटचा 'न' करणाऱ्याची आठवण क्रियापदावर चिकटवून ठेवतो, त्यामुळे पुढे 'त्यानं' गाळले तरी कोणी केले हे कळते. कोशात 'केलंन' टाकले तर हाती काही लागत नाही, आणि त्यात कोशाचा दोष नाही. बोललेले रूप टाकायचे नसते, मूळ धातूपर्यंत आपणच पोहोचायचे असते. मराठीशी ज्याची ओळख जुजबी आहे त्याच्यासाठी हीच पहिली आणि सर्वांत उंच पायरी आहे. 'म्हटलं'वरून 'म्हणणे' आणि 'गेलीयेस'वरून 'जाणे' आपल्याला आपोआप सुचते. भाचीला तेही काही वेळा सांगावे लागले.

त्यात लेखनाची भर. १९६२मध्ये मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नवे नियम ठरवले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. हे पाचांतले पहिले तीन कोश त्याच्या पुष्कळ आधीचे. त्यामुळे तेथे 'करणे' नसते, 'करणें' असते. 'का' नसते, 'कां' असते. उलट संवादांत 'सांगितलं' असे लिहिले की तो शीर्षबिंदू अनुस्वार नसून लांबवलेल्या 'अ'चा उच्चार दाखवतो. एकाच टिंबाची ही दोन कामे नव्या वाचकाला गोंधळात टाकतात. आम्ही सोपा नियम केला: शब्द सापडला नाही तर शेवटच्या अक्षरावर अनुस्वार देऊन पुन्हा शोधायचा, तरी न सापडला तर ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व करायचे. एवढ्यावर बहुतेक शब्द सापडतात.

उरलेल्या तीन कोशांबद्दल थोडक्यात सांगता येईल. तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश उत्तम आहे, पण तो ताम्रपट-शिलालेखांच्या आणि संतसाहित्याच्या मराठीचा. एकोणिसाव्या शतकातल्या संवादांसाठी त्याच्याकडे जाण्याचा प्रसंग आम्हांला एकदाही आला नाही. वझे यांचा कोश आटोपशीर आहे आणि झटपट अर्थ हवा असेल तर पुरतो. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषातज्ज्ञ. त्यांचा कोश लहान आहे आणि आजच्या मराठीचा आहे, म्हणून मी आधी त्याला बाजूला ठेवले होते. ती चूक होती. जुना संवाद वाचताना 'हा शब्द आज कसा वापरतात' हे भाचीला पाहायचे असे, तेव्हा तिला तोच सर्वांत मोकळा आणि समजण्याजोगा वाटला. मोल्सवर्थचे इंग्रजी तिला मराठीइतकेच कठीण जाते, आणि यात तिचा काही दोष नाही. एका मराठी शब्दाला तो कधी कधी इंग्रजीतले आठ-दहा समानार्थी शब्द देतो, त्यांतले चार आज इंग्रजी कोशात शोधावे लागतात.

शिव्यांच्या बाबतीत मात्र कोणताच कोश पुरा पडत नाही. 'मेल्या', 'मेली', 'जळ्ळं मेलं', 'मुडद्या' ही जुन्या संवादांतली रोजची चलनी नाणी आहेत. कोशात त्यांचा अर्थ नोंदलेला असतो आणि तो अर्थ ऐकवत नाही. परंतु आजी नातवंडाच्या गालावरून हात फिरवून 'मेली किती गोड हसते' म्हणते तेव्हा त्या शब्दात दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या काजळाच्या तिटेइतकेच वाईट असते. तोच शब्द पुढच्या पानावर विधवा सुनेला उद्देशून येतो आणि तेव्हा तो खरोखर मारण्यासाठी उचललेला असतो. या दोन पानांमधले अंतर हरिभाऊंनी कसलेही स्पष्टीकरण न देता वाचकाच्या कानावर सोडले, कारण त्यांच्या वाचकाला तो कान होता. भाचीने दोन्ही ठिकाणी एकच अर्थ लावला आणि आजीबद्दल तिचे मत उगीचच वाईट झाले. ते दुरुस्त करायला आमचा एक अख्खा रविवार गेला. 'इश्श'बद्दलही असेच सांगता येईल. कोशात तो लाजेचा किंवा तिरस्काराचा उद्गार म्हणून येतो आणि ते बरोबरच आहे, पण या दोहोंतले कोणते हे ठरते पुढच्या ओळीतल्या पदरावरून.

म्हणून ही सेवा कोणी वापरावी असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की ज्याला मराठी बोलता येते पण जुने मराठी ऐकायला मिळालेले नाही अशा वाचकाने, आणि शक्यतो जोडीने. अगदी नवशिक्याला ती थकवील. शिकवणाऱ्याला, अनुवादकाला, आणि ऐतिहासिक मालिकांचे संवाद लिहिणाऱ्यांना तर ती रोज लागावी अशी आहे. आजच्या पडद्यावरची पेशवाईतली माणसे ज्या सहजतेने एकमेकांना 'काळजी घ्या' म्हणतात ते पाहिले की कोणी तरी त्यांना मोल्सवर्थ उघडून द्यावा असे वाटते. मोबाइलवर नोंदी वाचता येतात, पण दाते-कर्व्यांच्या दाट, अर्धविरामांनी भरलेल्या नोंदी छोट्या पडद्यावर डोळ्यांना त्रास देतात. मोठा पडदा असेल तर तोच वापरावा.

आम्ही एक वही केली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: मोल्सवर्थमध्ये सापडलेले, दाते-कर्व्यांत सापडलेले, आणि कुठेच न सापडलेले. पहिले दोन रकाने भराभर भरले. तिसऱ्यातल्या प्रयोगांसाठी मी रविवारी फोन माझ्या आईच्या हाती देते. ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला ऐकू कमी येते, पण वाक्य मोठ्याने वाचून दाखवले की अर्थ सांगण्याऐवजी ती तेच वाक्य तिच्या सासूच्या आवाजात म्हणून दाखवते. 'इकडून येणं झालं'बद्दल भाचीने तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, 'माझ्या सासूबाई म्हणायच्या तसं. मी नाही कधी म्हटलं, मी आपली अहो म्हणत असे.' मग थोडा वेळ थांबून तिने भाचीला उलट विचारले, 'तुम्ही हल्ली नावानंच हाक मारता ना ग?'